फुकटच्या विजेचे खरे मोल

घरात विजेचे बिल आले की घरधनी ते उलटसुलट करून पाहतो, घरधनीण रिकाम्या खोलीतला पंखा बंद करते आणि मुलांस दोन शब्द ऐकावे लागतात. ही काटकसरीची ओढ चांगलीच आहे. आपल्या वाडवडिलांनीही कंदिलाची वात खाली करून संसार सांभाळला. परंतु ह्याच ओढीचा फायदा घेणारी दोन प्रकारची माणसे आज गावोगाव भेटतात. एक 'वीज वाचविणारी' पेटी विकतो. दुसरा, मीटर मंद करून देतो असे कानात सांगतो. पहिला आपणांस फसवितो. दुसरा आपणांस फसविणारे बनवितो. ह्या दोघांविषयी साखळी परिसरातील आपल्या कुटुंबांनी नीट समजून घ्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पेटीविषयी. साबणाच्या वडीएवढी ही प्लास्टिकची पेटी भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचली की तिचा छोटा दिवा लागतो. बिल तिसऱ्या हिश्श्याने, नव्हे निम्म्याने उतरेल, असे विक्रेता शपथेवर सांगतो. उघडून पाहिल्यास आत बहुधा एक कपॅसिटर सापडतो. म्हणजे आपले वायरमन ज्याला पंख्याचा कंडेन्सर म्हणतात तीच वस्तू. काही पेट्यांत तर दिवा पेटविण्यापुरत्या साहित्यापलीकडे फारसे काही नसते.

कपॅसिटर ही वस्तू खोटी नाही. खोटे आहे ते तिच्या नावाने दिलेले वचन. हे समजण्यास फेरीबोटीचे उदाहरण घेऊ. बोट पलीकडच्या धक्क्यावर काही माल उतरविते व काही माल न उतरविता तसाच परत आणते. भाडे मात्र उतरविलेल्या मालाचेच घेतले जाते. पंखा, पंप, फ्रीज ह्यांच्या मोटारींत असेच घडते. विजेचा एक भाग प्रत्यक्ष काम करतो. दुसरा भाग मोटारीत चुंबकत्व निर्माण करून पुन्हा तारेत परततो आणि ही ये-जा सेकंदास शंभर वेळा चालते. कपॅसिटर ही ये-जा घरातल्या घरात भागवितो. पण घरगुती मीटर मोजतो तो फक्त काम करणारा भाग, म्हणजे उतरविलेला माल. ज्याचे भाडे आपण देतच नव्हतो, ते वाचणार कसे?

मग विक्रेत्याच्या प्रयोगात आकडा उतरतो तो का? कारण तो चिमट्यासारखे यंत्र तारेला लावून अँपिअर दाखवितो. अँपिअर खरोखरच उतरतात. युनिट उतरत नाहीत, आणि बिल येते ते युनिटांचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2009 साली ह्याच प्रश्नाचा ऊहापोह करून, अशा उपकरणाने घरगुती ग्राहकाच्या बिलात लक्षात येण्याजोगी बचत होत नाही, हेच सांगितले. मोठ्या कारखान्यांची आकारणी निराळ्या रीतीने होते, म्हणून तेथे कपॅसिटरचा उपयोग आहे. कारखान्याचे औषध घरास लागू पडत नाही.

ज्यास खात्री करावयाची असेल त्याने स्वतःच पारख करावी. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते. फ्रीज बंद करून केवळ एक पंखा व एक दिवा चालू ठेवावा आणि दहा मिनिटांतील लुकलुकी मोजावी. नंतर पेटी खोचून पुन्हा दहा मिनिटे मोजावी. घड्याळ आणि मीटर ह्यांहून प्रामाणिक साक्षीदार कोण मिळणार? जूनमध्ये पाऊस सुरू झाला, पंखे कमी फिरले आणि बिल उतरले, तर ते श्रेय पावसाचे, पेटीचे नव्हे.

खरी बचत साध्या हिशेबात आहे. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्यास 9 युनिट लागतात. 9 वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. 75 वॅटचा पंखा रोज दहा तास चालल्यास महिन्यास साडेबावीस युनिट होतात. नव्या बीएलडीसी पद्धतीचा 30 वॅटचा पंखा 9 युनिटांत भागवितो. 2000 वॅटचा गीझर रोज अर्धा तास तापला की महिन्यास 30 युनिट गेले. फ्रीज वा पंखा घेताना त्यावरील तारे पाहावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही तारांकनाची पद्धत 2006 साली सुरू केली. पेटीत घातलेले पैसे एलईडी दिव्यांत घातले, तर ते खचित परत येतील.

आता दुसऱ्या माणसाविषयी. तारेवर आकडा टाकणे, मीटर टाळून जोडणी घेणे, मीटरमध्ये ढवळाढवळ करणे, ह्या सर्वांस 2003 च्या वीज कायद्याचे कलम 135 चोरी म्हणते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दहा किलोवॅटपर्यंतच्या भारास पहिल्या वेळी दंड मिळविलेल्या लाभाच्या किमान तिप्पट, पुन्हा सापडल्यास किमान सहापट. शिवाय वीज तत्काळ तोडली जाते. "वायरमनने केले, आम्हांस ठाऊक नाही" हे सांगून सहसा सुटका होत नाही. चोरीचे साधन आढळले की ते ग्राहकानेच केले असे कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर पडतो. कानात सांगणारा मनुष्य पैसे घेऊन निघून जातो. न्यायालयात उभा राहतो तो घरधनी.

"सरकारचे आहे, कोणाचे काय जाते?" असे म्हणणाऱ्यांनी थोडा विचार करावा. गोव्यात वीज पुरविते ते सरकारी वीज खाते. पण गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. आपली वीज छत्तीसगढमधील कोरबासारख्या दूरच्या केंद्रांतून विकत घ्यावी लागते. चोरलेल्या युनिटाचेही पैसे मोजावेच लागतात, आणि ते अखेर निघतात प्रामाणिक ग्राहकाच्या दरातून किंवा सर्वांच्या करातून. म्हणजे चोरी होते ती सरकारच्या घरी नव्हे, शेजारच्या विधवेच्या घरी.

पैशाहून मोठी हानीही आहे. चोरट्या भाराने रोहित्र तापते, दाब उतरतो आणि शेजाऱ्याचा पंप जळतो. भिवंडीत 2007 पूर्वी पुरविलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे येत नसत आणि रोहित्रे वारंवार जळत. जानेवारी 2007 मध्ये वितरण टोरेंट पॉवरकडे गेल्यावर काही वर्षांत दोन्ही गोष्टी पुष्कळ आटोक्यात आल्या. आणि पावसाळ्यात आकड्याची तार ओल्या फांदीवर टेकली, किंवा रानडुकरांसाठी कुंपणात कोणी थेट वीज सोडली, तर पहाटे शेतात जाणाऱ्या माणसाचा, गुराचा वा खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जातो. बिलात वाचविलेले रुपये त्या जिवाच्या तराजूत कसे घालावयाचे?

सातवी आज्ञा चोरीस मनाई करते. चोरलेली वस्तू पैसा आहे की वीज, असा भेद ती करीत नाही. पश्चात्तापाबरोबर भरपाईही हवी, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जकातदार जक्कयाने फसवणुकीची चौपट परतफेड करण्याचे वचन दिले. कायदा पहिल्या वेळी किमान तिप्पट दंड मागतो, जक्कयाने चौपट देऊ केले! ज्या घरात असे काही असेल त्याने ते आजच बंद करावे आणि थकलेले देणे चुकवावे. आणि बिल खरोखरच अवाजवी आले असेल, तर मीटर तपासून मागण्याचा व ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे दाद मागण्याचा हक्क प्रत्येकास आहे. त्या सरळ वाटेने जावे.

मुले सर्व पाहत असतात. बापाने मीटरशी काय केले हे त्यांस ठाऊक असते आणि रविवारच्या प्रवचनापेक्षा ते त्यांच्या अधिक लक्षात राहते. संध्याकाळी घरच्या वेदीपुढे रोझरीस बसताना जो दिवा जळतो, त्याचे मोल आपण चुकविले आहे, हे समाधान प्रत्येक घरास लाभो.