गृहसंगणक आणि गेम कन्सोल : एका स्पर्धेतील लक्षणविचार

१.

लक्षणाचे तीन दोष न्यायशास्त्राने सांगितले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. ‘शिंगे असणे’ हे गाईचे लक्षण केले तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्ण असणे’ हे लक्षण केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘न दुभंगलेला खूर असणे’ हे लक्षण कोणत्याच गाईस लागू पडत नाही, हा असंभव. शब्दार्थाच्या अभ्यासकास ही कसोटी परिचित आहे. परंतु ती गाईम्हशींपुरतीच राहावी असे नाही. व्यवहारात दोन संज्ञा एकमेकींशी झगडू लागल्या आणि त्या झगड्यात लोकांचा पैसा व मुलांचे शिक्षण गुंतले, म्हणजे या कसोटीचे खरे मोल कळते.

इ. स. १९७७ ते १९९३ या काळात अमेरिका, जपान आणि ब्रिटन येथे गृहसंगणक व गेम कन्सोल यांच्यात झालेली चढाओढ हे याचे बोलके उदाहरण आहे. दूरचित्रवाणी संचास जोडून खेळ खेळण्यासाठी विकले जाणारे यंत्र ते कन्सोल. त्याच संचास जोडावयाचे, परंतु कळफलक असलेले आणि घरगुती उपयोगासाठी विकले जाणारे यंत्र तो गृहसंगणक, अशी कामचलाऊ व्याख्या आपण प्रारंभी स्वीकारू. ती कोठवर टिकते हे पाहणे आणि ती ढासळल्यावर या दोन संज्ञांमध्ये कोणता खरा भेद शिल्लक राहतो याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२.

सामान्यतः असे समजले जाते की, संगणक हे गुंतागुंतीचे यंत्र व कन्सोल हे साधे खेळणे. म्हणजे भेद यंत्ररचनेतच आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर आणि त्याची भावंडे घेतली तर अॅपल २, अटारी ८००, कमोडोर ६४ आणि बीबीसी मायक्रो हे संगणक जसे त्यांवर चालत, तसेच अटारीचे १९७७ चे कन्सोल आणि निनटेन्डोचे १९८३ चे यंत्रही त्यांवरच चालत असे. अटारीने १९८२ मध्ये बाजारात आणलेले ५२०० हे कन्सोल तर त्याच कंपनीच्या ४०० व ८०० या संगणकांच्या रचनेवर आधारलेले होते. इतके असूनही एकाची काडतुसे दुसऱ्यात चालत नसत.

याहून स्पष्ट उदाहरण जपानमधील आहे. १५ जुलै १९८३ या एकाच दिवशी सेगा या कंपनीने दोन यंत्रे विक्रीस काढली. एक एसजी-१०००, दुसरे एससी-३०००. दोहोंचा मायक्रोप्रोसेसर झेड-८० याच जातीचा. दोहोंची चित्ररचना करणारी चकतीही जवळजवळ सारखीच. पहिल्याच्या नावातील आद्याक्षर ‘गेम’चे, दुसऱ्याच्या नावातील ‘कॉम्प्युटर’चे. एका यंत्राला कळफलक होता आणि दुसऱ्यास तो वेगळा घेऊन जोडता येत असे. तेव्हा यंत्ररचना हे लक्षण मानले तर अतिव्याप्ती अटळ आहे.

उपयोग हे लक्षण मानावे तरीही तीच गत. गृहसंगणकांवर सर्वाधिक चाललेली गोष्ट म्हणजे खेळच होत. १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून पुढे विकला जाऊ लागलेला सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम पालकांनी अभ्यासासाठी म्हणून घेतला आणि मुलांनी खेळासाठी वापरला, असेच ब्रिटनमधील अनेक घरांत घडले.

३.

यंत्रे इतकी सारखी असताना स्पर्धा कशाची होती? ती बव्हंशी ‘संगणक’ या शब्दाच्या स्वामित्वाची होती. अटारीच्या १९७७ च्या कन्सोलचे मूळ नाव ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ असे होते, हे आज अनेकांस ठाऊक नसेल. अवघी १२८ बाइट स्मृती असलेल्या यंत्रास हे नाव देण्यात आले, कारण त्या शब्दास भविष्यकाळाचे वलय होते. मॅटेल कंपनीने आपल्या इंटेलिव्हिजन या कन्सोलला पुढे कळफलक जोडून त्याचा पूर्ण संगणक करता येईल असे आश्वासन दिले. तो जोड सर्वत्र विक्रीस येईना, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला हस्तक्षेप करावा लागला. खेळण्याला ‘उद्याचा संगणक’ म्हणणे हे केवळ अलंकारिक विधान राहिले नव्हते. ते ग्राहकास दिलेले वचन ठरले होते.

उलट बाजूने संगणकांचे उत्पादकही याच शब्दाचे शस्त्र वापरीत होते. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील नट विल्यम शॅटनर कमोडोरच्या व्हिक-२० या संगणकाच्या जाहिरातीत झळकला, तेव्हा तिचा रोख हाच होता की, जवळपास तेवढ्याच पैशांत संगणक मिळत असता निव्वळ खेळयंत्र कशाला घ्यावे. ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरना विकला जाणारा कमोडोर ६४ पुढच्याच वर्षी २०० डॉलरच्या आसपास आला. त्याच वर्षी जुने कन्सोल आणून देणाऱ्यास कमोडोरने १०० डॉलरची सूट देऊ केली. या चढाओढीची झळ कन्सोलांपुरती राहिली नाही. किमती इतक्या कोसळल्या की, ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने गृहसंगणकांच्या व्यवसायातूनच माघार घेतली. अमेरिकेतील कन्सोलांची बाजारपेठही त्याच सुमारास ढासळली.

यानंतर निनटेन्डोने जे केले ते शब्दार्थाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. जपानमध्ये १४,८०० येनना विकल्या गेलेल्या तिच्या यंत्राचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते. अमेरिकेसाठी प्रथम कळफलक व ध्वनिफीत-यंत्र यांसह एक संच १९८५ च्या प्रारंभी प्रदर्शनात मांडला गेला. परंतु प्रत्यक्ष विक्रीस आला तो कळफलकाशिवाय, आणि नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्दही गेला होता. आता ती ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ झाली. यंत्र ‘कंट्रोल डेक’ झाले. काडतूस ‘गेम पॅक’ झाले. ‘कॉम्प्युटर’ आणि ‘व्हिडिओ गेम’ हे दोन्ही शब्द त्या वेळी दुकानदारांच्या दृष्टीने बुडीत व्यवहाराचे द्योतक होते. अर्थात नावाचे आकर्षण कायमचे संपले असे नव्हे. २००१ मध्ये युरोपीय आयोगाने सोनीच्या प्लेस्टेशन २ ला आयात-शुल्कासाठी व्हिडिओ गेमच्या वर्गात घातले, तेव्हा सोनी न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २००३ मध्ये तो नियम रद्द झाला. शुल्काच्या कोष्टकात कोणत्या नावाखाली बसावयाचे, यावरही पैसा अवलंबून होता.

४.

मग ही दोन नावे केवळ व्यापाऱ्यांची सोय होती असे म्हणावयाचे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. व्यापाऱ्यांनी शब्द सैल वापरले, एवढ्यावरून त्या शब्दांमागे खरा भेदच नव्हता असे सिद्ध होत नाही. प्रथमदर्शनी कळफलक हे व्यावर्तक लक्षण वाटते. परंतु निनटेन्डोने १९८४ मध्ये आपल्या यंत्रासाठी बेसिक भाषेच्या काडतुसासह कळफलक विकला होता; आणि कमोडोरने १९९० मध्ये आपल्याच ६४ चा कळफलक काढून त्याचे कन्सोल केले होते. या दुसऱ्या प्रयोगाची गंमत अशी की, ‘टर्मिनेटर २’ या खेळाच्या काडतुसात आरंभी एक कळ दाबणे आवश्यक होते आणि ती कळ यंत्रावर नव्हतीच. हे कन्सोल बाजारात चालले नाही. कळफलक हे त्या खऱ्या भेदाचे बाह्य चिन्ह आहे. तो भेद नव्हे.

खरा भेद यंत्र सुरू केल्याबरोबर दिसतो. काडतूस न घालता कन्सोल सुरू केले तर ते काहीच करीत नाही. कमोडोर ६४ सुरू केला तर पडद्यावर बेसिक भाषेसाठी ३८,९११ बाइट मोकळे असल्याची सूचना येते, यंत्र सिद्ध असल्याचे सांगितले जाते आणि एक चौकोन लुकलुकत राहतो. म्हणजे यंत्र आपल्या लेखनाची वाट पाहत असते. विकत घेतलेला खेळ खेळावयाचा तरी आधी एक आदेश द्यावा लागे. म्हणून आमचे लक्षण असे : ज्या यंत्रासाठी लिहिण्याचा अधिकार ते वापरणारासही आहे, ते संगणक, ज्यावर तो केवळ दुसऱ्याचे लिहिलेले चालवू शकतो, ते कन्सोल. कळफलक आणि बेसिकचे काडतूस जोडलेले निनटेन्डोचे यंत्र या लक्षणाने तेवढ्या काळापुरते संगणक ठरते, आणि ते योग्यच आहे. निनटेन्डोच्या अमेरिकी यंत्रात तर १०एनईएस नावाची एक चकती बसविलेली होती. काडतुसात तिची जोडीदार चकती नसेल तर यंत्र ते चालवीत नसे; परिणामी खेळ काढू इच्छिणाऱ्या कंपनीस निनटेन्डोचा परवाना घ्यावा लागे. येथे लेखनाचा अधिकार वापरणारापासून तर काढून घेतलाच होता, शिवाय अन्य लेखकांवरही पहारा होता.

या अधिकाराची फळे ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसली. तेथील मासिकांतून आज्ञावल्या संपूर्ण छापल्या जात. वाचक त्या ओळीने टंकित करी. एखादे विरामचिन्ह चुकले की यंत्र अडून बसे आणि चूक शोधता शोधता त्या भाषेचे व्याकरण अंगवळणी पडे. १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी प्रसिद्ध झालेला ‘एलिट’ हा खेळ इयन बेल आणि डेव्हिड ब्रॅबेन या केंब्रिजमधील दोन विद्यार्थ्यांनी लिहिला होता. जे यंत्र त्यांचे वाचनाचे साधन होते तेच लेखनाचेही होते.

यावर असा आक्षेप येईल की, बहुसंख्य मुलांनी गृहसंगणकावर एक ओळही लिहिली नाही, आणि त्यांच्यापुरता हा भेद निरर्थक होता. शिवाय फितीवरून खेळ चढण्यास काही मिनिटे लागत व पुष्कळदा तो चढतही नसे. कन्सोलवर तो तत्काळ सुरू होई. आक्षेपातील तथ्य मान्य केले पाहिजे. सुलभता हा कन्सोलांचा खरा गुण होता, आणि तो मुलांना हवा होता. परंतु साक्षर समाजातही ग्रंथ लिहिणारे थोडेच असतात. म्हणून त्या समाजास, ज्याने केवळ ऐकावयाचे आणि ज्यास लेखणी वर्ज्य आहे, अशा समाजाच्या पंक्तीस आपण बसवीत नाही. लेखनाची शक्यता उपलब्ध असणे आणि ती वापरली जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीस पहिलीची अपेक्षा असते.

५.

या स्पर्धेचा मराठी भाषिकांशी संबंध आला तो उत्तरार्धात. १९८४ साली भारतात शालेय संगणकशिक्षणाची ‘क्लास’ ही योजना सुरू झाली आणि तीत बीबीसी मायक्रो निवडला गेला. १९८६ मध्ये स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्तीही निघाली. परंतु नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरल्या त्या मुख्यतः निनटेन्डोच्या यंत्राच्या अनधिकृत प्रतिकृती. त्यांच्या काडतुसास आपल्या मुलांनी ‘कॅसेट’ म्हटले. जपानी बोलीतही त्यास हेच नाव आहे. त्या डबीत फीत नव्हती आणि तीवर काही नोंदविताही येत नव्हते. उलट स्पेक्ट्रमचे खेळ खरोखरीच्या कॅसेटवर येत आणि वापरणारा आपली आज्ञावली तशाच कॅसेटवर साठवी. अर्थविस्तार होताना शब्द पुढे गेला आणि लेखनाची शक्यता मागे राहिली, असे हे उदाहरण आहे.

भाषेच्या दृष्टीने यात काय गमावले गेले याची कल्पना एका तपशिलावरून येईल. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्यास स्वतः आखता येतील अशी २१ चिन्हे ठेवलेली होती. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटीत बसे. देवनागरीची मूळ व्यंजनेही या २१ स्थानांत मावत नाहीत, मग जोडाक्षरांची कथा काय? तरीही शाळकरी मुलास आपल्या लिपीतील अक्षर यंत्राच्या पडद्यावर स्वतः उमटविता येणे शक्य होते. काडतुसाच्या यंत्रात तो मार्गच नव्हता. काडतूस लिहिणाऱ्याने जी लिपी घातली असेल तीच तेथे दिसावयाची.

अलीकडे या जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती पुन्हा निघू लागल्या आहेत. २०१८ मध्ये कमोडोर ६४ ची जी लहान आवृत्ती निघाली तिच्यावर कळफलक दिसतो, पण त्याच्या कळा दाबल्या जात नाहीत. लिहावयाचे तर वेगळा कळफलक जोडावा लागतो. २०१९ मधील पूर्णाकृती प्रतिकृतीत मात्र त्या चालत्या आहेत. केवळ आकारावरून नाव द्यावयाचे तर दोन्ही संगणकच म्हणावे लागतील.

आपल्या अभ्यासक्रमांत ‘संगणक साक्षरता’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ‘साक्षरता’ या शब्दात वाचन व लेखन ही दोन्ही अंगे अभिप्रेत आहेत. ज्या शिक्षणात विद्यार्थी यंत्रावर दुसऱ्याच्या आज्ञावल्या चालविण्यास शिकतो, पण त्यासाठी स्वतः एकही ओळ लिहीत नाही, त्यास ही संज्ञा लावताना वरील लक्षण डोळ्यांपुढे ठेवावे. तसेच आपल्या हातातील भ्रमणध्वनी त्या लक्षणाने कोणत्या वर्गात पडतो, हेही तपासून पाहावे.