स्कूबाला जाताय? आधी फॉर्म खरा भरा

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीची फेरीबोट येईपर्यंत बोलायला बराच वेळ मिळतो. गेल्या हिवाळ्यात तिथे ओळखीच्या घरातली चार तरुण मुले भेटली. दोघे सख्खे बहीण-भाऊ, दोघे त्यांचे मावसभाऊ. सगळे खाडीकाठी लहानाचे मोठे झालेले, पण पाण्याखालचे जग कुणीच पाहिलेले नव्हते. म्हणून पैसे साठवून मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचे ठरले होते. बहीण मोबाइलवर आलेला आरोग्याचा फॉर्म वाचत होती. एका प्रश्नापाशी ती अडली. फुफ्फुसाचा काही आजार झाला होता का? चार वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण करून ती ठणठणीत झाली होती. शेजारी उभी असलेली आई हळूच म्हणाली, "नाही म्हणून टाक गं. बरी झालीस ना आता? उगाच चारचौघांत कशाला सांगायचं?"

आईचे मन कळते. टीबीचे नाव निघाले की लोक कसे बघतात, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. तरीही तिथे "नाही" लिहिणे जिवावर बेतू शकते. का, ते समजून घेऊ.

पाण्यात दहा मीटर खोल गेले की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. सिलिंडरमधली हवा त्याच दाबाने आपल्या फुफ्फुसात भरते. (सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो असा समज आहे. शिकाऊ माणसाला दिलेल्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली साधी हवाच असते.) वर येताना दाब कमी होतो आणि ती हवा फुगू लागते. दहा मीटरवर भरलेला फुगा पाण्याबाहेर येईपर्यंत दुप्पट होतो. श्वास चालू असेल तर जादा हवा नाकातोंडावाटे निघून जाते. श्वास रोखून वर आले, तर ती फुफ्फुसातच अडकते आणि फुफ्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही, दीड मीटरवरूनही हे घडू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखू नका.

टीबीतून बरे झालेल्या काहींच्या फुफ्फुसात व्रण किंवा पोकळ्या राहतात. अशा जागी श्वास चालू असतानाही हवा अडकू शकते. रोग गेलेला असतो, खूण उरलेली असते. ती आहे की नाही, हे छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरच सांगू शकतात. दम्याचेही तसेच. आवळलेल्या श्वासनळ्या हवेची वाट अडवतात.

आणखी कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये? हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मधुमेह किंवा फिट येण्याचा आजार असलेल्यांनी. छातीचे किंवा कानाचे ऑपरेशन झालेल्यांनी. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी. सिकल सेलचा आजार असलेल्यांनी, आणि विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत तो आहे. गरोदर बाईने तर उतरूच नये. कान फुटलेला किंवा वाहत असेल, तर थंड पाणी आत शिरून पाण्याखालीच गरगरू लागते. साध्या सर्दीतही नाक-कानाची वाट बंद होते आणि पडद्यावर दाब येतो. नाक मोकळे करायची गोळी घेऊन उतरणे हा त्यावर उपाय नव्हे. तिचा असर पाण्याखाली संपला, तर वर येताना त्रास होतो.

म्हणून बेत आखताना आधी डॉक्टर, मग पैसे. बहुतेक लोक उलटे करतात. बुकिंग होते, तिकिटे निघतात आणि मग फॉर्म समोर येतो. पैसे अडकलेले असले की हात आपोआप "नाही"वर खूण करतो. फॉर्म आधी मागवून घ्या आणि तो घेऊन सरकारी दवाखान्यात जा. प्रकृतीमुळे उतरता आले नाही तर पैसे परत मिळतील का, हेही आधीच विचारा.

आगरदांड्याच्या मुलांना मालवणच का गाठावे लागते? राजपुरी खाडीचे पाणी गाळाने गढूळ असते आणि भरती-ओहोटीची ओढ मोठी असते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आहेत, प्रवाळ आहे. हा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असते. मे महिन्यात समुद्र खवळू लागतो आणि पावसाळ्यात हे सारे बंद असते.

दोन-तीन दिवसांत नवख्याला जमते ते फक्त ओळखीचे डायव्हिंग. प्रशिक्षक धरून नेतो, थोड्याच खोलीवर फिरवतो आणि परत आणतो. प्रमाणपत्राचा कोर्स वेगळा. त्याला तीन-चार दिवस लागतात आणि 200 मीटर पोहून दाखवावे लागते. वय किमान दहा वर्षे लागते.

शुक्रवारी प्रवास करा. आगरदांड्याहून फेरीने दिघी, तिथून म्हसळामार्गे माणगाव. माणगावला दिवा-सावंतवाडी गाडी थांबते, कुडाळला उतरून मालवण गाठता येते. त्या रात्री पोटभर झोप घ्या. दारू नको. शनिवारी सकाळी हलका नाश्ता करून उतरा. दुपारनंतर आराम करा आणि रविवारी घरी निघा. शनिवारीच परतायची घाई नको. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. कुणी गोव्याहून विमानाने परतणार असेल, तर किमान 18 तास जाऊ द्यावेत. लगेच घाट चढून जाणेही टाळावे.

सामान बहुतेक ठिकाणी भाड्यातच मिळते. फोटो, बोट, प्रशिक्षक सगळे धरून किती पैसे, ते आधी ठरवा. मग सामान स्वतः पाहा. विचारायला लाजू नका.

मास्क: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हवा आत ओढा. हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. जाड मिशीतून पाणी शिरते. चष्मा आत घालता येत नाही, नंबरचा मास्क आहे का विचारा.

तोंडात धरायचा भाग: तुमच्याआधी तो दुसऱ्याच्या तोंडात होता. तुमच्यासमोर जंतुनाशक पाण्यात धुऊन द्यायला सांगा. फाटलेला असेल तर बदलून मागा.

हवा: पाण्याबाहेरच चार-पाच श्वास घेऊन पाहा. तेलाचा, धुराचा वास किंवा चव आली तर ते सिलिंडर नको. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण 200 बार दाखवतो. श्वास घेताना तो हेलकावत असेल, तर नळ पूर्ण उघडलेला नाही असे समजा.

जॅकेट आणि वजनाचा पट्टा: जॅकेट फुगते का, हवा बाहेर सोडता येते का, ते करून दाखवायला सांगा. पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा वरच शिकून घ्या. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे "मस्त". तिथे त्याचा अर्थ "मला वर न्या". ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कान दुखायची वाट न पाहता, थोडे थोडे खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे. दुखलेच तर थांबा, खूण करा, थोडे वर या. जोर लावू नका.

बोटीतही सावध राहा. 24 मे 2022 रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात हवे, पायाशी नव्हे. बोट खचाखच भरली असेल तर चढू नका. समुद्राला गृहीत धरले की काय होते, हे आगरदांड्याच्या माणसांनी जवळच पाहिले आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले.

वर आल्यावर छातीत दुखणे, धाप, चक्कर, हातापायाला मुंग्या किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर "थकवा असेल" म्हणून झोपू नका. 108 ला फोन करा आणि डायव्हिंग केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता त्या चौघांचे. मुलीने फॉर्मवर खरे लिहिले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण होता. त्यांनी स्कूबाला स्पष्ट नाही म्हटले. ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग तिनेच विचारले, "वरूनच बघता येईल का?" येते. स्नॉर्केलिंगमध्ये लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगत, नळीतून बाहेरचीच हवा घ्यायची असते. दाबलेली हवा नसते, म्हणून तो धोकाही नसतो. डॉक्टरांनी त्याला होकार दिला.

मालवणला दोघे भाऊ खाली गेले. तिसऱ्याला सर्दी झाली होती, तो बहिणीबरोबर वरच राहिला. परतल्यावर ती आईला रंगीत मासे किती होते ते सांगत होती. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "शेजारच्या पोरालाही टीबी झाला होता. तोही जायचं म्हणतोय. त्याच्या आईला मीच सांगते."