रात्रपाळी कोणत्या तारखेची? प्रकल्पाच्या कॅलेंडरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात सातारा-सांगलीतल्या साखर कारखान्यांची धुराडी थंडावतात, काम मात्र थांबत नाही. गळीत हंगाम आटोपला की ऑफ सीझनची दुरुस्ती सुरू होते. मिलचे रोलर उतरवायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या आणि खराब झालेल्या बदलायच्या, टर्बाइन उघडून पुन्हा बसवायचं. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन ठरलेलं असतं, त्याच्या आत हे सगळं उरकावं लागतं. रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो, कराडचा सह्याद्री, वाळव्याचा हुतात्मा किंवा कुंडलचा क्रांती, शेतात ऊस उभा असताना हंगामाची तारीख पुढे ढकलणं कोणालाच परवडत नाही. मग दुरुस्तीलाही रात्रपाळी लागते, आणि तिचं नियोजन मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. खंबाटकीच्या नव्या जुळ्या बोगद्यासारखं किंवा पुणे-मिरज लोहमार्गाच्या दुहेरीकरणासारखं काम घ्या, तिथेही रात्रीचा हिशेब टळत नाही.

हा हिशेब चुकतो तो बहुधा एकाच ठिकाणी. संगणकाचा दिवस मध्यरात्री संपतो आणि रात्रपाळीच्या कामगाराचा दिवस पाळी सुटल्यावर संपतो. पुढचे बहुतेक गैरसमज या फरकातून निघतात.

गैरसमज : सॉफ्टवेअरमध्ये ‘नाइट शिफ्ट’ कॅलेंडर तयारच असतं, तेच निवडलं की झालं.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तीन कॅलेंडरं तयार मिळतात: स्टँडर्ड, २४ अवर्स आणि नाइट शिफ्ट. यातली तयार नाइट शिफ्ट रात्री ११ ला सुरू होते, पहाटे ३ ते ४ सुट्टी घेते आणि सकाळी ८ ला संपते. सोमवारी रात्री सुरू होऊन शनिवारी सकाळी आठवडा संपतो, म्हणजे पाचच रात्री. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत पाळ्या साधारणपणे पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते पहाटे चार अशा चालतात, आणि आठवडा सहा दिवसांचा असतो. तयार कॅलेंडर जसंच्या तसं वापरलं तर आठवड्यातली एक रात्र पहिल्याच दिवशी गेली, आणि उरलेल्या पाच रात्रींत कागदावरची माणसं प्रत्यक्षातल्या माणसांपेक्षा तीन तास उशिरा हजर होतात. नवं कॅलेंडर स्वतःच बनवा आणि त्याला कारखान्यात बोललं जाणारं नाव द्या, म्हणजे फोरमनलाही ते वाचता येईल.

गैरसमज : रात्री आठ ते पहाटे चार ही वेळ एका ओळीत भरता येते.

येत नाही. प्रत्येक वाराच्या चौकटीत त्या तारखेच्या चोवीस तासांतलाच वेळ बसतो, त्यामुळे पाळी मध्यरात्री तोडावी लागते. समजा जेवणाची सुट्टी मध्यरात्री बारा ते साडेबारा आहे. सोमवारी रात्री आठ ते बारा एवढीच नोंद. मंगळवार ते शनिवार दोन नोंदी: साडेबारा ते पहाटे चार आणि रात्री आठ ते बारा. रविवारी फक्त साडेबारा ते चार. एका दिवसात अशा पाच नोंदींपर्यंत जागा असते, त्यामुळे चहाची सुट्टीही हवी तर वेगळी दाखवता येईल.

चुका होतात त्या सोमवारी आणि रविवारी. सोमवार मंगळवारसारखाच भरला, तर सोमवारी पहाटेची अर्धी पाळी तयार होते, जिचा पहिला अर्धा भाग रविवारी रात्री झालेलाच नसतो. उलट ‘रविवार सुट्टी’ म्हणून रविवार पूर्ण कोरा ठेवला, तर शनिवारची रात्रपाळी बारालाच संपते. दर आठवड्याला साडेतीन तास हरवतात. वीस आठवड्यांच्या ऑफ सीझनमध्ये हे ७० तास होतात, नऊ रात्रपाळ्यांहून जास्त. दोन्ही बाबतींत संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

कायद्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५७ मध्ये रात्रपाळीची तारीख नेमकी सांगितली होती. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि अशा कामगाराची पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी पहाटे चारला बाहेर पडलेल्या माणसाची सुट्टी सोमवारी पहाटे चारला संपते. पाळी बदलून तो सोमवारी पहिल्या पाळीला आला, तर त्याला बरोबर २४ तास मिळतात, एक मिनिटही वर नाही. म्हणून शनिवारचं काम रविवारी सकाळपर्यंत थोडं लांबवू असं नियोजकाने ठरवलं, तर ते तास त्या माणसाच्या सुट्टीतून जातात. आराखड्यातली छोटीशी निळी पट्टी दोन तास पुढे ओढताना हे डोळ्यांपुढे असलंच पाहिजे.

गैरसमज : सणाची तारीख सुट्टी म्हणून भरली की सुट्टी लागली.

दिवसपाळीसाठी हे खरं आहे. रात्रपाळीसाठी १५ ऑगस्ट ही तारीख सुट्टी म्हणून भरून पाहा. संगणक त्या तारखेचे दोन तुकडे काढून टाकतो: पंधराच्या पहाटेचे, जे मुळात चौदाच्या पाळीचे होते, आणि पंधराच्या रात्रीचे बारापर्यंतचे. चौदाची रात्र आठ ते बारा शिल्लक राहते आणि सोळाची पहाट साडेबारा ते चार शिल्लक राहते. एक पूर्ण पाळी सुटण्याऐवजी दोन अर्ध्या पाळ्या उरतात. चौदाला मध्यरात्री टोळी घरी जाणार आणि पंधरा-सोळाच्या मध्यरात्री पुन्हा येणार, असं हा आराखडा सांगतो. गावाकडे जायला त्या वेळी एसटी नसते.

आधी ठरवायचं असतं की कोणती रात्र सुट्टीची. पंधराची रात्र सुट्टीची असेल तर दोन अपवाद भरावे लागतात. पंधरा तारखेला फक्त साडेबारा ते चार काम ठेवायचं, आणि सोळा तारखेला पहाट वगळून फक्त रात्री आठ ते बारा. बेंदूर, गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी हे सगळे सण ऑफ सीझनमध्येच येतात. बेंदराला बैल सजवायचे असतात, आणि ज्याच्या घरी बैल आहेत तो आदल्या रात्री जागून सकाळी काय सजवणार? अशा वेळी आदली रात्र सोडावी लागते. कॅलेंडर भरणाऱ्याने हे टोळीच्या मुकादमाला विचारायला हवं. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मदतपानावर याचं उत्तर नाही.

गैरसमज : ऑप्शन्समध्ये ‘दिवसाचे तास’ बदलले की पाळी बदलते.

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज असावा. ‘अवर्स पर डे’ हा आकडा काम कधी चालतं हे ठरवत नाही. तुम्ही मुदतीत ‘१ दिवस’ लिहिलंत तर त्याचे किती तास धरायचे, एवढंच तो सांगतो. आपल्या वरच्या पाळीत कामाचे साडेसात तास आहेत, मूळ आकडा आठ असतो. सोमवारी रात्री आठला सुरू झालेलं एका दिवसाचं काम मंगळवारी पहाटे चारला संपायला हवं. ते संपतं मंगळवारी रात्री साडेआठला, कारण अर्धा तास शिल्लक राहतो. सहा दिवसांचं काम म्हणजे ४८ तास, आणि सहा रात्रींत मिळतात ४५. ते रविवारी पहाटे संपण्याऐवजी पुढच्या सोमवारी रात्री ११ वर जातं, आणि त्याच्यामागची सगळी कामं सरकतात.

आकडा साडेसात केला तर रात्रपाळी जुळते, पण हा आकडा संपूर्ण फाइलला एकच असतो. त्याच फाइलमध्ये आठ तासांची दिवसपाळी असेल तर ती बिघडते. म्हणून पाळ्या मिसळलेल्या आराखड्यात मुदती तासांत लिहाव्यात, हे माझं ठाम मत आहे. प्रायमाव्हेरात प्रत्येक कॅलेंडरला स्वतःचे दिवसाचे तास देता येतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी होतो. तारखांच्या रकान्यात वेळही दिसेल असं स्वरूप मात्र दोन्हीकडे ठेवा. नुसत्या तारखेवरून, बुधवारी पहाटे संपलेलं काम मंगळवारच्या पाळीने पूर्ण केलं, हे कोणाला कळणार?

गैरसमज : तीन पाळ्या म्हणजे ‘२४ अवर्स’ कॅलेंडर.

यंत्रासाठी कदाचित खरं, माणसासाठी कधीच नाही. एकाच वेल्डरला २४ तासांचं कॅलेंडर लावलं तर ४८ तासांचं नळ्यांचं काम तो दोन दिवसांत, न झोपता, पूर्ण करतो, आणि संगणक ते निमूट मान्य करतो. १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. आराखड्याला ती मर्यादा माहीत नसते. तीन टोळ्या असतील तर तीन रिसोर्स आणि तीन कॅलेंडरं, हाच सरळ मार्ग. टोळ्यांना माणसांची नावं देऊ नका, पाळीची द्या. माणसं दर आठवड्याला पाळी बदलतात, रात्रपाळीची टोळी मात्र रात्रपाळीचीच राहते.

या कॅलेंडरमुळे याहून मोठा धोका काँक्रीटला होतो. टर्बाइनच्या पायाला ‘७ दिवस क्युरिंग’ लिहिलं आणि २४ तासांचं कॅलेंडर लावलं, तर सात दिवस म्हणजे आठ-आठ तासांचे, एकूण ५६. ते दोन दिवस आणि आठ तासांत संपतात, आणि तिसऱ्याच दिवशी वर यंत्र बसवायची पट्टी सुरू होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावं असं भारतीय मानक ४५६ सांगतं, आणि ते सात दिवस घड्याळाचे आहेत, पूर्ण १६८ तासांचे. काँक्रीट पाळी ओळखत नाही, रविवारही ओळखत नाही. त्यासाठी प्रोजेक्टमध्ये ‘इलॅप्स्ड’ मुदतीची सोय आहे: दिवसाच्या खुणेआधी ‘ई’ लावला की सलग २४ तासांचा दिवस धरला जातो. रंग वाळणं किंवा बॉयलर थंड होणं यांनाही हेच लागू.

गैरसमज : कामाला रात्रपाळीचं कॅलेंडर जोडलं की ते रात्री होईल.

कामाचं कॅलेंडर आणि माणसाचं कॅलेंडर दोन्ही असतील तर प्रोजेक्ट दोघांत समान असलेला वेळच धरतो. काम रात्री आठ ते चार आणि फिटरचं कॅलेंडर सकाळी आठ ते पाच असेल, तर समान वेळ शून्य, आणि तसा इशारा पडद्यावर येतो. इशारा आला तर बरंच म्हणायचं. दुसऱ्या पाळीचं काम दुपारी बारा ते आठ असेल आणि माणूस दिवसपाळीचा, तर जेवणाची सुट्टी सोडून दुपारी एक ते पाच हे चार तास जुळतात. मग कसलाही इशारा न येता १६ तासांचं काम दोनऐवजी चार दिवस घेतं. ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

इशारा आला की अनेक जण ‘माणसांची कॅलेंडरं दुर्लक्षित करा’ या चौकटीत खूण करतात. इशारा जातो. फिटर मात्र घरी झोपलेला असतो आणि आराखड्यात तो रात्री दोन वाजता रोलर बसवत असतो. ही खूण खरी उपयोगी पडते ती कामाची वेळ बाहेरून ठरते तेव्हा, जसा रेल्वेचा रात्रीचा ब्लॉक. रुळावरचं काम ब्लॉक मिळेल त्याच तासांत होणार, त्यामुळे तिथे कामाचं कॅलेंडर प्रमाण मानायचं आणि त्या रात्रीसाठी माणसं वेगळी नेमायची. प्रायमाव्हेरात हीच निवड कामाच्या प्रकारातून होते: टास्क डिपेंडंट असेल तर कामाचं कॅलेंडर चालतं, रिसोर्स डिपेंडंट असेल तर माणसांचं.

गैरसमज : पडद्यावरच्या करड्या पट्ट्या सुट्टी दाखवतात.

दाखवतात, पण एकाच कॅलेंडरची, बहुधा प्रकल्पाच्या. रात्रपाळीची सुट्टी पाहायची तर टाइमस्केलमध्ये ते कॅलेंडर निवडा आणि दिवसांऐवजी तास दिसतील इतकं जवळ या.

गैरसमज : कॅलेंडर एकदा बसवलं की हात लावायची गरज नाही.

मिरज-कुपवाडच्या फाउंड्र्यांचं पाहा. महाराष्ट्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या औद्योगिक विजेला बरीच वर्षं सवलत होती, म्हणून भट्टी रात्री लावण्यात फायदा होता. २०२३ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आली. भट्टीचं काम दुपारकडे सरकलं की जुनं रात्रपाळीचं कॅलेंडर चुकीचं ठरतं. प्रोजेक्टमधल्या ‘वर्क वीक्स’मध्ये अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पाळी असं भरता येतं, त्यामुळे झालेल्या कामाचा इतिहास न बिघडवता पुढची वेळ बदलता येते.

यंदाच्या ऑफ सीझनचा आराखडा छापण्याआधी एक चाचणी कराच. एका पाळीएवढ्या तासांचं एकच काम घाला, शनिवारी रात्री आठला सुरू करा आणि ते रविवारी पहाटे चारला संपतं का ते पाहा. मग सणाच्या आदल्या रात्री तसंच करून पाहा. वेळ जुळली नाही तर आराखडा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर दुरुस्त करा.