जुन्या मालमोटारीची अडणारी चावी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मालमोटारीच्या चावीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमचे घर एका जुन्या गाडीवर चालते. औंढ्याकडची हळद वसमतच्या मोंढ्यात पोचविणे हा वडिलांचा धंदा, आणि माझी फीही त्याच भाड्यातून निघते. चैत्र-वैशाखात भाड्याची घाई असते व नेमकी तेव्हाच चावी अडते. यात योगायोग काही नाही. हळदीची भुकटी आणि रस्त्याचा फुफाटा केबिनमध्ये साठतो, आणि कुलपाचे तोंड तर सदा उघडेच.

‘इग्निशन’ म्हणजे पेटविणे. पण डिझेल गाडीत चावी काहीच पेटवीत नाही. रुडॉल्फ डिझेल यांना 1893 साली ज्या इंजिनाचे पेटंट मिळाले, त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेटते. ठिणगी लागत नाही. चावी फक्त बॅटरीचा प्रवाह सोडते व सेल्फ फिरविते. म्हणून जुन्या गाड्यांत चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहते, आणि ते थांबविण्यासाठी डिझेल तोडणारी वेगळी दांडी ओढावी लागते. ही दांडी पुढे कामास येणार आहे.

कुलपाच्या आत एक गोल गाभा असतो. त्याच्या चिरांत पातळ पत्र्या बसविलेल्या असतात व प्रत्येकीला बारीक स्प्रिंग असते. चावी नसताना पत्र्या गाभ्याबाहेर डोकावतात व त्याला फिरू देत नाहीत. योग्य चावी शिरली की तिच्या खाचांमुळे सगळ्या पत्र्या गाभ्याशी सपाट होतात आणि गाभा फिरतो. एक जरी पत्री केसभर वर राहिली तरी सारे अडते. तिच्यावर धूळ बसलेली असेल, ती झिजली असेल किंवा चावीच झिजली असेल.

घसारा हा शब्द मी अर्थशास्त्राच्या तासाला ऐकला. वीस वर्षे वापरलेल्या चावीच्या खाचांवर बोट फिरविले की तो हाताला लागतो. म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे: ठेवणीतली दुसरी चावी लावून पाहावी. ती फिरली तर कुलूप निर्दोष. मात्र झिजलेल्या चावीवरून नक्कल करून घेऊ नये, कारण नकलेत झीजही उतरते. मूळ चावीवर किंवा तिच्या बिल्ल्यावर क्रमांक असेल तर त्यावरून नवी कापून घ्यावी.

दोन्ही चाव्या अडल्या तर आधी स्टिअरिंग पाहावे. ज्या गाडीत स्टिअरिंग-लॉक आहे, तिथे चाकांचा ताण कुलपाच्या खिळीवर येतो. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवीत चावी हलक्या हाताने फिरवावी. तरीही अडली तर पंक्चरवाल्याकडे कुलपाच्या तोंडात हवा मारून घ्यावी आणि चावीवर पेन्सिलीचे शिसे घासून ती चार-दोनदा आतबाहेर करावी. शिशातले ग्राफाइट कोरडे वंगण आहे. आमच्याकडे सर्रास तेल सोडतात. त्याने दोन दिवस बरे वाटते, मग तेलात धूळ कालवून चिखल होतो. पकडीने चावी पिळणे तर त्याहून वाईट. चावी आत तुटली, तर भरल्या गाडीसकट रात्र रस्त्यावर.

खरे भय वेगळेच आहे. सेल मारल्यावर चावी स्प्रिंगने आपोआप मागे यायला हवी. ती तिथेच अडली तर सेल्फला प्रवाह मिळत राहतो, तो तापतो व शेवटी जळतो. आमच्यासारख्यांची कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते. अशा वेळी चावी हाताने मागे आणावी. येत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून डिझेलची दांडी ओढावी आणि लगेच बॅटरीचे आर्थिंगचे टर्मिनल सोडवावे. तेव्हा ठिणगी उडते. तोंड दूर ठेवावे, आणि क्लीनरच्या हाती बिडी नाही ना, हे आधी पाहावे.

दोष कुलपात की मागच्या विजेच्या स्विचमध्ये, हेही ओळखता येते. टर्मिनल सोडवून, हे दोन भाग सुटे होत असतील तर वेगळे करावेत आणि स्विच पेचकसाने फिरवून पाहावा. तो सहज फिरून मागे आला तर गाभा बदलावा. तोच अडला तर स्विच. मिस्त्री पुष्कळदा दोन्ही बदलतो. त्याचा वेळ वाचतो, पैसे आपले जातात.

वडिलांना हे सारे मी वाचून दाखविले. ते म्हणाले, “जुडग्याचं लिही की.” बरोबर आहे. घराची, टाकीची, दाराची अशा सगळ्या चाव्या एकाच कडीत अडकविल्या की खड्ड्याखड्ड्याला ते वजन कुलपाला हिसके देते. आता त्यांची गाडीची चावी एकटी असते, काळ्या गोफात ओवलेली.