अकारी (प्रकाशशिल्पे)

अकारी ही जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१७ नोव्हेंबर १९०४ – ३० डिसेंबर १९८८) यांनी १९५१ पासून घडवलेल्या कागदी दिव्यांची मालिका आहे. हातकागद आणि बांबू यांपासून बनणाऱ्या या मालिकेत टेबलावरचे, जमिनीवर ठेवायचे व छताला टांगायचे असे शंभराहून अधिक प्रकार आहेत. ‘अकारी’ या जपानी शब्दाचा अर्थ उजेड असा होतो. नोगुची यांना त्यात वजनाचा हलकेपणाही अभिप्रेत होता.

पार्श्वभूमी

नोगुची यांचा जन्म लॉस एंजेलिस येथे झाला. जपानी कवी योने नोगुची हे त्यांचे वडील, तर अमेरिकन लेखिका लिओनी गिल्मर या आई. १९२७ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी यांच्याकडे काम केले. १९४० च्या दशकात त्यांनी आतून उजळणारी ‘लुनार’ ही शिल्पे घडवली. त्याच काळात त्यांनी तीन पायांचा दंडगोलाकार टेबल-दिवाही तयार केला.

१९५१ मध्ये हिरोशिमाला जाताना ते गिफू येथे थांबले. नागारा नदीवर पाणकावळ्यांच्या साहाय्याने चालणारी मासेमारी आणि कागदी कंदील यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. उतरती कळा लागलेल्या कंदील-व्यवसायाला उभारी द्यावी, अशी विनंती तेथील महापौरांनी त्यांना केली. नोगुची यांनी पारंपरिक पद्धत तशीच ठेवली; मात्र मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला आणि कंदिलाच्या आकाराचा शिल्प म्हणून नव्याने विचार केला.

साहित्य आणि घडण

अकारीचे उत्पादन गिफू येथील ओझेकी ही संस्था करते. सुट्या भागांच्या लाकडी साच्यावर बांबूची बारीक, लवचिक कामटी गुंडाळली जाते. तिच्यावर तुतीच्या जातीतील झाडाच्या अंतर्सालीपासून केलेल्या ‘वाशी’ कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. खळ सुकल्यावर साच्याचे भाग सुटे करून आतून काढून घेतात. मागे उरते ते केवळ पातळ कवच. ते घडी करून चपट्या खोक्यात पाठवता येते आणि उघडल्यावर आतल्या तारेच्या आधाराने ताणून उभे राहते.

कागदाच्या तंतूंमधून जाताना विजेच्या दिव्याचा झगझगीतपणा निवतो आणि उजेड सर्वत्र सारखा पसरतो. टेबलावरच्या प्रकारांत हे कवच बारीक धातूच्या पायांवर उभे असते. त्यामुळे दिवा जणू अधांतरी भासतो.

शिल्प की वस्तू?

संगमरवर आणि ग्रॅनाइट यांत काम करणाऱ्या शिल्पकाराने बाजारात विकले जाणारे कागदी दिवे घडवावेत, ही गोष्ट कलाजगताला सहज पचणारी नव्हती. नोगुची यांनी मात्र शिल्प आणि उपयोगी वस्तू हा भेद मानला नाही. १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत अमेरिकेचे प्रतिनिधित्व करताना ‘शिल्प म्हणजे काय?’ या शीर्षकाच्या प्रदर्शनात त्यांनी ‘स्लाइड मंत्र’ ही संगमरवरी घसरगुंडी आणि अकारी दिवे एकत्र मांडले.

अकारीच्या अनुकृती जगभर स्वस्तात विकल्या जातात. मूळ दिव्यांवर सूर्य आणि चंद्र यांचे चिन्ह असते; ‘उजेड’ दर्शवणारे जपानी अक्षरही याच दोन चिन्हांनी बनते. नोगुची यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या संग्रहालयात त्यांच्या दगडी शिल्पांसोबत हे दिवेही पाहता येतात.