शॉवरचं पाणी अचानक चटका का देतं?

मूल शॉवरखाली असताना कुणी फ्लश केला की ते ओरडतं, ‘आई, भाजलं!’ अनेक घरांत दोन्हींना गार पाणी एकाच पाइपमधून येतं. फ्लशने ते ओढलं की शॉवरकडच्या गार पाण्याचा दाब घटतो आणि गरम पाण्याचं प्रमाण वाढतं. विज्ञानातला ‘दाब’ मुलांना इथेच समजावता येतो.

60 अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं. म्हणून भाड्याच्या घरातही गीझर 50 अंशांच्या आसपास ठेवा. नळ सोडताना आधी गार, मग गरम. बंद करताना उलट.

तरीही कढत पाणी येत असेल, तर थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो. गीझर बंद ठेवा, स्वतः खोलू नका. घरमालकांना सांगून इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर बादलीत पाणी विसणून, कोपर बुडवून बघा आणि मगच मुलांना अंघोळ घाला.