झुरळाचा मेदपिंड ते तंतुकणिका : अंतःसहजीवन आणि गुंतागुंतीच्या पेशीचा उगम

प्रस्तावना

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी पेरिप्लॅनेटा अमेरिकाना या झुरळाचे विच्छेदन केले. पचनसंस्था स्पष्ट दिसावी म्हणून तिच्याभोवतीचा पांढरा मेदपिंड चिमट्याने काढून टाकला जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनंतर विच्छेदने मागे पडत गेली. तथापि, अडथळा मानून दूर सारलेल्या त्या मेदपिंडातच पेशीच्या इतिहासावर प्रकाश टाकणारे एक जिवंत उदाहरण होते, याची जाणीव वर्गात क्वचितच करून दिली गेली. 'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र होय' हे विधान विद्यार्थी पाठ करतो. ती पेशीत आली कोठून, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परिचित उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

सिद्धांताची वाटचाल

हरितलवके ही मुळात पेशीत शिरलेली स्वतंत्र सजीवे असावीत, असा विचार रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडला. पुराव्याअभावी तो दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी हरितलवकांत व तंतुकणिकांत स्वतःचे डीएनए असल्याचे दिसून आले आणि १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी या कल्पनेची नव्याने सविस्तर मांडणी केली. त्यांचा लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी अनेक नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे रायबोसोमच्या आरएनएच्या तुलनेतून तंतुकणिकांचे नाते अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूंशी, तर हरितलवकांचे नीलहरित जिवाणूंशी असल्याचे सिद्ध झाले. यजमान पेशी आर्किया गटातील असावी, या मताला आर्क्टिक सागरतळाच्या गाळातून २०१५ मध्ये उजेडात आलेल्या लोकीआर्किओटा गटाने बळ दिले.

सहवासाचे तीन प्रकार

पहिले उदाहरण मराठवाडा-विदर्भातील तुरीचे. पेरणीपूर्वी शेतकरी बियाण्यास रायझोबियम जिवाणूसंवर्धन चोळतो. हे जिवाणू मुळांच्या गाठींतील पेशींत शिरून हवेतील नत्र वनस्पतीस उपलब्ध करून देतात. परंतु हा करार एका पिढीपुरताच असतो. बीजाबरोबर पेशीतील जिवाणू पुढे जात नाहीत. नव्या रोपाला ते मातीतूनच मिळवावे लागतात.

दुसरे उदाहरण झुरळाचे. त्याच्या मेदपिंडातील विशिष्ट पेशींत ब्लॅटाबॅक्टेरियम हा जिवाणू राहतो. मेदपिंडात साठलेल्या युरिक आम्लापासून सुटणारे नत्र वापरून तो यजमानासाठी अमिनो आम्ले तयार करतो. नत्राचे प्रमाण अल्प असलेल्या अन्नावरही झुरळ तग धरते, त्यामागील हे एक कारण होय. हा जिवाणू अंड्यांमार्फत मातेकडून संततीकडे जातो आणि यजमानाबाहेर स्वतंत्रपणे वाढत नाही. ई. कोलाय या स्वतंत्र जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख आधारजोड्या असतात. ब्लॅटाबॅक्टेरियमच्या जनुकसंचात त्या सुमारे ६.४ लाखच उरल्या आहेत.

तिसरे उदाहरण स्वतः तंतुकणिकेचे. मानवी तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १६,५६९ आधारजोड्या व ३७ जनुके असून त्यांपासून केवळ १३ प्रथिने तयार होतात. तिला लागणारी उर्वरित हजारावर प्रथिने केंद्रकातील जनुकांनुसार बाहेर तयार होऊन आत आणली जातात. ही तीन उदाहरणे एकाच वंशाच्या पायऱ्या नव्हेत. परावलंबन किती प्रकारचे व किती खोल असू शकते, हे ती दर्शवितात.

सहजीवी केव्हा अंगक होतो?

जनुकसंच लहान झाला म्हणजे जिवाणूचे अंगक झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. नागपुरी संत्र्याच्या बागांत उपद्रव करणाऱ्या सिट्रस सिला या किडीतील कार्सोनेला जिवाणूचा जनुकसंच सुमारे १.७ लाख आधारजोड्यांचाच आहे. तरीही त्याची गणना सामान्यतः सहजीवींत होते. निर्णायक निकष दोन मानले जातात : यजमानाच्या जनुकांपासून बनलेली प्रथिने मोठ्या प्रमाणावर आत आयात होणे आणि त्याचे विभाजन यजमान पेशीच्या विभाजनाशी बांधले जाणे. २०२४ मध्ये ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या सागरी शैवालातील नत्र स्थिर करणारा जिवाणू या दोन्ही कसोट्यांस उतरल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यास 'नायट्रोप्लास्ट' ही संज्ञा मिळाली. विशेष म्हणजे त्याच्या जनुकसंचात सुमारे १४ लाख आधारजोड्या, म्हणजे ब्लॅटाबॅक्टेरियमच्या दुपटीहून अधिक, आहेत. अंगकत्व आकारावर नव्हे, तर नियंत्रण कोणाकडे गेले यावर ठरते, हे यातून स्पष्ट होते.

समारोप

दृश्यकेंद्रकी पेशीचा उगम केवळ संथ, क्रमिक बदलांतून झाला नाही. दोन भिन्न वंशांच्या विलीनीकरणाचाही त्यात वाटा आहे. मात्र या विलीनीकरणास निव्वळ सहकार्य म्हणणे अपुरे ठरते, कारण सहजीवीने त्यात आपले स्वातंत्र्य कायमचे गमावले. वनस्पतिशास्त्रात तुरीची गाठ, प्राणिशास्त्रात झुरळ, सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणू आणि जीवरसायनशास्त्रात तंतुकणिका शिकविली जाते. विभागांच्या भिंतींमुळे या चारही गोष्टींतील एकच सूत्र विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. ते जोडून दाखविण्यास नव्या उपकरणांची आवश्यकता नाही. झुरळाचे विच्छेदन थांबले असले, तरी आकृतीतील मेदपिंडाकडे बोट दाखवून हा प्रश्न आजही वर्गात उपस्थित करता येईल.